ठिपक्यांच्या कुत्र्याची ओळख



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्या व्यासपीठावर आज आम्ही एक कुत्रा घेऊन उभे आहोत, याचे काही मंडळींना नवल वाटेल. पण कुत्रा हा आपल्या संस्कृतीला परका नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा ओलांडली की माहूर येते. तिथल्या दत्तात्रेयाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आहे आणि त्या तसबिरीत देवाच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या संगतीला कुत्रा आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराजाला स्वर्गाचे दार उघडले गेले, तेव्हा बरोबर आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत जायला त्याने साफ नकार दिला. जो प्राणी देवाच्या पायाशी बसला आणि स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेला, त्याला या मांडवात तासभर बसू द्यायला कोणाची हरकत नसावी.

आज ज्याची ओळख करून द्यायची, तो कुत्रा आपण सर्वांनी निदान चित्रात तरी पाहिलेला आहे. धुतलेल्या धोतरासारखा पांढरा आणि त्यावर कोणी शाईची दौत झटकावी तसे काळे ठिपके. त्याचे नाव डाल्मेशियन. लहान मुलेही त्याला बोट दाखवून ओळखतात. जगात शेकडो जातींची कुत्री आहेत, पण ज्याला ओळखायला एवढे कमी कष्ट पडतात, असा कुत्रा दुसरा नाही. आणि नेमका इथेच घोटाळा आहे. आपल्या मराठीत एखाद्याला 'ओळखणे' आणि एखाद्याशी 'ओळख असणे' यांत मोठा फरक आहे. स्टेशनमास्तरांना सारे गाव ओळखते, पण त्यांच्याशी ओळख दोघाचौघांचीच असते. डाल्मेशियनला ओळखतात सगळे. त्याची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. त्या ओळखीच्या अभावी त्या मुक्या जिवाचे जे हाल होतात, ते टळावेत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

प्रथम त्याचे गाव. इटलीच्या पूर्वेला एड्रियाटिक समुद्र आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठाला, आजच्या क्रोएशिया देशात, डाल्मेशिया नावाचा प्रांत आहे. त्यावरून या कुत्र्याचे नाव पडले. क्रोएशियातील एका बेटावरच्या चर्चमध्ये १६०० ते १६३० च्या सुमाराचे एक चित्र आहे, त्यात असा ठिपक्यांचा कुत्रा दिसतो. इंग्लंडमध्ये टॉमस ब्युइक याने १७९० साली चतुष्पाद प्राण्यांवर पुस्तक काढले, त्यात 'डाल्मेशियन किंवा कोच डॉग', म्हणजे बग्गीचा कुत्रा, असे नाव देऊन त्याचे चित्र छापले. आपल्याला गंमत वाटावी अशी गोष्ट ही, की अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने अशाच ठिपकेदार कुत्र्याला 'बंगालचा शिकारी कुत्रा' म्हटले होते. त्यावरून हा आपलाच, असा दावा करायची घाई कोणी करू नये. दूरच्या वस्तूला कोणत्या तरी दूरच्या देशाचे नाव चिकटवण्याची तेव्हा युरोपात रीतच होती. अमेरिकेतून आलेल्या पक्ष्याला इंग्रजांनी 'टर्की' म्हटले, त्यातलाच हा प्रकार.

गावापेक्षा महत्त्वाचा त्याचा धंदा. कुत्र्याची जात म्हणजे केवळ रंग आणि उंची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याच्याकडून जे काम करवून घेतले, ते त्याच्या हाडामांसात उतरलेले असते. हे समजायला आपल्याला विलायतेला जायला नको. कापसाच्या हंगामात बंड्यांची रांग बाजाराच्या वाटेला लागली, की एखाद्या बंडीच्या सावलीत, बैलांच्या चालीने चालणारा कुत्रा जुन्या मंडळींनी पाहिलेला आहे. त्या कुत्र्याला वाटते, गाडी आपणच ओढतो आहोत. अशी आपण त्याची थट्टाही करतो. डाल्मेशियन हा इंग्लंडातला गाडीखालचा कुत्रा होता. फरक एवढाच, की ही गाडी बैलांची नसून श्रीमंतांची घोडागाडी होती आणि ती चालत नसे, धावत असे. घोड्यांच्या बरोबरीने, कधी आसाखालून तर कधी बाजूने, हा कुत्रा मैलोन्‌मैल धावे. मुक्कामाला गाडी थांबली, की घोड्यांजवळ आणि सामानाजवळ राखण करीत बसे.

अमेरिकेत त्याला याहून मोठे काम मिळाले. तिथे आगीचे बंब घोडे ओढीत. आगीची वर्दी आली, की कुत्रा पुढे धावून भुंके आणि रस्ता मोकळा करी. आगीजवळ बिथरणाऱ्या घोड्यांना त्याच्या सोबतीने धीर येई. पुढे मोटारीचे बंब आले आणि घोडे गेले, तरी या कुत्र्याने बंबखान्यातली जागा सोडली नाही. अग्निसुरक्षेचे धडे देणाऱ्या अमेरिकन संस्थेने १९५१ साली मुलांसाठी एक चित्रपात्र काढले, ते 'स्पार्की' नावाच्या डाल्मेशियनचेच.

घोडागाडी गेली तसे या कुत्र्याचे काम गेले. अशी वेळ आपल्याकडच्या कुत्र्यांवरही आली. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत, तेव्हा तांड्याची राखण कुत्री करीत. रेल्वे आली, बैलांवरचा व्यापार बुडाला आणि त्या कुत्र्यांचे मूळ कामही संपले. पण श्रोतेहो, काम गेले म्हणून कामाची ओढ जात नाही. डाल्मेशियनच्या पायांना आज शंभर वर्षांनंतरही घोड्यांच्या टापा ऐकू येतात. पुरा वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे ५६ ते ६२ सेंटिमीटर उंच असतो; अंगाने सडपातळ, छाती खोल आणि दम दांडगा. अशा धावपटूला दहा बाय दहाच्या अंगणात साखळीने बांधून ठेवले, तर तो चपला फाडील, गादीचा कापूस काढील, दिवसभर भुंकेल. घरधनी म्हणतो, कुत्रा द्वाड निघाला. कुत्र्याला बोलता आले असते, तर त्याने धन्याबद्दल काय म्हटले असते?

आता ठिपक्यांकडे वळू. आपल्या टिपेश्वराच्या रानात चितळ आहेत. चितळाच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात आणि झाडीतून गाळून येणाऱ्या उन्हाच्या कवडशांत ते असे मिसळतात, की चितळ उभ्या जागी दिसेनासा होतो. ते ठिपके रानाने दिले; त्यांचा उपयोग जीव वाचवणे हा आहे. डाल्मेशियनचे ठिपके माणसाने निवडले. त्यांचा उपयोग लोकांच्या नजरेत भरणे हा आहे. श्रीमंताच्या गाडीबरोबर धावणारा कुत्रा दुरून दिसला पाहिजे, उठून दिसला पाहिजे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशी जोडपी जुळवली गेली. रानाने दिलेल्या देणगीची किंमत रान आधीच चुकती करून घेते. माणसाने घेतलेल्या सौंदर्याची किंमत मात्र कुत्र्याला मोजावी लागली.

या कुत्र्याची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर बहुधा एकही ठिपका नसतो. ती पांढरी शुभ्र असतात आणि दहा-चौदा दिवसांनी ठिपके उमटू लागतात. इंग्रज लेखिका डोडी स्मिथ हिने १९५६ साली एकशे एक डाल्मेशियनांची जी प्रसिद्ध कथा लिहिली, तिच्यातली पिल्लेही अशीच कोरी जन्मतात. कारण ती लेखिका स्वतः हे कुत्रे पाळीत होती. हा पांढरेपणा म्हणजे रंग नव्हे, रंगाचा अभाव. गर्भात रंगपेशी अंगभर पसरतात; या जातीत त्या पुऱ्या पसरत नाहीत. आता रंगपेशींचे काम केवळ केस रंगवणे असते, तर काहीच बिघडले नसते. पण याच पेशींची गरज कानाच्या आतल्या भागालाही असते. तिथे त्या पोहोचल्या नाहीत, तर पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होईतो आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात आणि तो कान कायमचा बहिरा होतो. अमेरिकेत हजारो डाल्मेशियनांचे कान यंत्राने तपासले, तेव्हा शंभरांत सुमारे ८ दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ एका कानाने बहिरे आढळले. दहांत तीन! जे शुभ्र रूप पाहून आपण भुलतो, त्याच्या पोटी हे बहिरेपण आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. काही पिल्ले जन्मतःच एखादा मोठा काळा डाग घेऊन येतात. विशेषतः कानावर किंवा डोळ्याभोवती. रंगपेशी तिथवर नीट पोहोचल्याची ती खूण असते आणि अशी पिल्ले बहिरी निघण्याचे प्रमाण कमी असते. पण श्वानप्रदर्शनाच्या नियमांत हा डाग म्हणजे दोष! ठिपके सुटे, गोल आणि रेखीव हवेत. म्हणजे ज्याला बरे ऐकू येण्याची शक्यता अधिक, ते पिल्लू बाजूला काढायचे आणि रेखीव ठिपक्यांच्या पिल्लापासून पुढची वीण करायची. मुलगी पाहायला जाऊन केवळ गोरेपणावर लग्न ठरवणारी मंडळी आपण पाहिलेली आहेत; तेव्हा इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

या बहिरेपणाचे दुःख आपल्या भाषेत अधिकच गडद होते. 'ऐकत नाही' या दोन शब्दांचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, कानाने ऐकू येत नाही. दुसरा, सांगितलेले मानत नाही. पोर ऐकत नाही, बैल ऐकत नाही, कुत्रा ऐकत नाही, असे म्हणताना आपल्या मनात दुसराच अर्थ असतो आणि हात काठीकडे जातो. बहिऱ्या पिल्लाला हाक मारली, ते आले नाही. पुन्हा मारली, तरी आले नाही. मग एक रट्टा. आपल्याला का मारले, हे त्याला कधीच कळत नाही. त्याला एवढेच कळते, की हा हात मागून येतो आणि लागतो. असा कुत्रा पुढे कोणी अवचित स्पर्श केला तर दचकून चावतो आणि मग त्याला गावाबाहेर सोडून येण्याचा विचार सुरू होतो. एका शब्दाचा चुकीचा अर्थ घेतल्यामुळे एका जिवाचे आयुष्य वाया जाते.

यावर उपाय कठीण नाहीत. पिल्लू निजले असताना त्याच्या मागून, त्याला दिसणार नाही आणि जमीन हादरणार नाही अशा बेताने, किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. दोन्ही कान गेले असतील, तर बहुधा यात कळते. एकच कान गेला असेल, तर कळत नाही. त्यासाठी यंत्राने तपासणी करावी लागते आणि ती पाच-सहा आठवड्यांच्या वयानंतर होऊ शकते. अशी तपासणी झाली आहे काय, हे पिल्लू घेताना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि बहिरा कुत्रा म्हणजे निरुपयोगी कुत्रा, असेही समजू नये. तो हाताच्या खुणांनी शिकतो. त्याला रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही, मागून एकदम हात लावायचा नाही, एवढे पाळले की तो इतर कुत्र्यांइतकाच आनंदात राहतो.

दुसरी गोष्ट त्याच्या लघवीची. सभेत हा शब्द उच्चारल्याबद्दल क्षमा असावी, पण वैद्याला आणि पाहुण्याची ओळख करून देणाऱ्याला लाजून चालत नाही. अन्नातील काही द्रव्यांपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होते. इतर कुत्र्यांच्या यकृतात त्याचे रूपांतर एका सहज विरघळणाऱ्या पदार्थात होते आणि तो निघून जातो. माणसात तसे होत नाही, म्हणून आपल्यापैकी काहींच्या पायाचा अंगठा रात्री ठणकतो. डाल्मेशियन या बाबतीत माणसाच्या पंक्तीला बसला आहे. त्याच्या यकृतात रूपांतर करणारे द्रव्य असते; पण युरिक ॲसिडला पेशीच्या आत नेणारी वाट एका जनुकातील बिघाडामुळे बंद असते. तो जनुक शास्त्रज्ञांना २००८ साली सापडला. परिणाम असा, की त्याच्या लघवीत हे ॲसिड फार उतरते आणि त्याचे खडे बनू शकतात. नराची मूत्रनलिका अरुंद. त्यात खडा अडकला आणि लघवी तुंबली, तर वेळेवर उपचार न मिळाल्यास कुत्रा दगावतो. आणि हा बिघाड या जातीतल्या एखाद्या घराण्यात नव्हे, जवळजवळ साऱ्याच शुद्ध वंशात आहे. ठिपके रेखीव करण्याच्या नादात तो जातीत मुरला असावा, असे जाणकार मानतात.

यातून वाट काढली अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने. १९७३ साली त्यांनी एका डाल्मेशियनचा संकर 'पॉइंटर' या जवळच्या जातीशी केला, तोही एकदाच. पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच जोडीला घेतला आणि निरोगी जनुक आलेली पिल्ले निवडीत गेले. आईबापांपैकी एकाकडून जरी चांगला जनुक मिळाला, तरी पिल्लू या दोषातून सुटते. चार-पाच पिढ्यांत रूपाने पुरते डाल्मेशियन आणि लघवीने निर्दोष असे कुत्रे तयार झाले. आता साऱ्यांनी त्यांचे स्वागत करायला हवे होते, असे आपल्याला वाटेल. झाले उलट. १९८१ साली अशा दोन कुत्र्यांची नोंद अमेरिकन केनेल क्लबने केली, तेव्हा 'रक्त बाटले' म्हणून शौकिनांनी गिल्ला केला आणि पुढची नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्येही २०१० साली अशा कुत्रीला मान्यता मिळाली, ती विरोध सोसूनच. तीस वर्षे निरोगी कुत्रा दाराबाहेर उभा होता आणि मुतखड्याचा कुत्रा शुद्ध म्हणून पदके घेत होता. शुद्ध रक्ताचा अभिमान माणसाला कुठवर आंधळा करतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. त्यावर भाष्य करण्याची गरज या महाराष्ट्रात नसावी.

आता कोणी म्हणेल, हे सारे विलायतेचे झाले; यवतमाळला त्याचे काय? तर यवतमाळला त्याचे फार आहे. परदेशी जातीच्या कुत्र्यांची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीचा माग काढण्यासाठी केन कोर्सो या इटालियन जातीचे कुत्रे आणले गेले, तेव्हा त्या जातीचे नाव प्रथमच आपल्याकडे ऐकू आले. माग काही त्यांना लागला नाही. हौस मात्र अशाच मार्गांनी पसरते. कधी बातमीतून, कधी जाहिरातीतून, कधी पडद्यावरून. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग झळकला आणि देशभर पगची मागणी वाढली. डाल्मेशियनचेही तेच. डोडी स्मिथच्या कथेवर डिस्नेने १९६१ साली चित्रपट काढला, १९९६ साली जिवंत कुत्रे घेऊन पुन्हा काढला. मुलांनी हट्ट धरले, बापांनी पिल्ले आणली आणि वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेतील अनाथ प्राण्यांच्या आश्रमांत ठिपक्यांची कुत्री येऊ लागली. चित्रपटातील कुत्रा दीड तासात संपतो. घरातला दहा-बारा वर्षे राहतो.

आपल्या हवेचा विचार करा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. डाल्मेशियनला भरपूर धावणे हवे, ते आपल्याकडे मे महिन्यात सूर्य उगवण्यापूर्वीच शक्य असते. दुपारी डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे भाजतील. खडे होऊ नयेत म्हणून त्याला दिवसभर मुबलक पाणी हवे आणि दर काही तासांनी लघवीला बाहेर न्यायला हवे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हा या शहराने पाण्यासाठी काय सोसले, ते आपल्याला सांगायला नको. ज्या घरात माणसांची घागर मोजून भरली जाते, त्या घराने पाण्यावर ज्याचे आयुष्य अवलंबून आहे असा कुत्रा आणण्यापूर्वी दोनदा विचार करावा. खाण्याचेही तसेच. लाडाने खाटकाकडून कलेजी आणि गुर्दा आणून घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. इतर कुत्र्याला ती मानवेल. याला ती घातक, कारण युरिक ॲसिड त्यातूनच अधिक होते. त्यापेक्षा अंडी, भात, भाकरी, भाज्या बऱ्या, डाळी बेताने, आणि आहाराचा ताळमेळ पशुवैद्याला विचारून. त्याचे आखूड पांढरे केस बाराही महिने झडतात आणि सतरंजीत काट्यासारखे रुततात, हेही घरातील बाईमाणसांना आधी सांगून ठेवावे. कारण झाडू त्यांच्याच हाती असतो.

हे ऐकून, हा कुत्रा कोणी पाळूच नये असा आमचा आग्रह आहे, असे समजू नका. ज्याला पहाटे धावण्याची सवय आहे, ज्याचे घर प्रशस्त आहे, घरात दिवसा माणूस असतो, त्याला याच्यासारखा सोबती मिळणे कठीण. तो चतुर आहे, उमदा आहे, धन्यावर जीव टाकतो. एकटेपण मात्र त्याला सोसत नाही. अशा माणसाने पिल्लू जरूर आणावे. आणताना त्याची आई पाहावी. श्वानपैदाशीचे २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावर टोपलीत घालून विकायला आणलेले, डोळे नुकते उघडलेले पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसले, तरी घेऊ नये. त्या टोपलीला दिलेला पैसा पुढच्या टोपलीचे भांडवल होतो. आणि ज्याला यातले काही जमण्यासारखे नाही, पण कुत्र्याची माया आहे, त्याच्या गल्लीत एखादा मोत्या किंवा खंड्या असेलच. त्याला लस टोचावी, दाराशी पाणी ठेवावे. या मातीचे ऊन त्याने पिढ्यान्‌पिढ्या पचवलेले आहे आणि त्याच्या रक्ताची चौकशी कोणत्याही क्लबाने केलेली नाही, हे त्याचे भाग्यच.

तात्पर्य सांगून आम्ही आपली रजा घेतो. मुक्या प्राण्याला आपण घरात आणतो, तेव्हा तो आपली निवड करीत नाही. आपण त्याची करतो. म्हणून ओळख करून घेण्याची जबाबदारीही एकट्या आपलीच असते. याने कोणते काम केले आहे, याच्या शरीरात कोणती उणीव आहे आणि माझ्या घरात त्याला काय मिळणार नाही, हे तीन प्रश्न पिल्लाच्या किमतीआधी विचारावेत. त्यांची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर कुत्रा ठिपक्यांचा असो की बिनठिपक्यांचा, तो सुखात राहील आणि त्याचा धनीही.